उणे नऊ गुंजांचा शब्द

टण्!

स्टीलच्या डब्याचं झाकण निघालं, एवढंच. पण ते निघालं निःशब्द कक्षात. त्या कक्षाच्या भिंती हातभर जाड होत्या आणि आवाज पिऊन टाकणाऱ्या फेसाच्या होत्या. आत बसलेल्या माणसाला स्वतःचा आवंढाही ऐकू यायचा. बाहेर नियंत्रणाच्या टेबलाशी बसलेल्या सर्जेराव खाडेंच्या कानात ते झाकण देवळातल्या घंटेसारखं वाजलं. त्यांनी हेडफोन उपटून टेबलावर टाकला आणि बोलण्याचं बटण दाबलं.

"मॅडम, माइक चालू हाय की ओ! कान गेला न्हवं माझा!"

"सॉरी, खाडे. मला वाटलं तुम्ही जेवायला गेलात."

"जेवायची जागा हाय का ती? कँटीन हाय की चांगलं."

कँटीन चांगलं होतं हे डॉ. केतकी मगदूमला मान्य होतं. पण कोल्हापूरच्या शब्दभार संशोधन केंद्रात हा कक्ष म्हणजे अशी एकमेव जागा होती, जिथे वीस मिनिटं तिला कुणी 'मॅडम' म्हणत नसे आणि कुणी 'आई' म्हणत नसे. डब्यात बीट घातलेला नाचणीचा उपमा होता. सकाळी सासूबाईंनी एक घास खाऊन, पाणी पिऊन, "डिफरंट झालाय हं," असं म्हटलं होतं. म्हणून आज डबा भरगच्च होता.

तिनं पहिला घास घेतला आणि फोन थरथरला. शाळेचा संदेश होता.

'आपली पाल्य कु. अबोली मगदूम (मोठा गट) हिच्याविषयीच्या शेऱ्यात एक ऋणभारित शब्द आढळला आहे. सौम्यपत्र योजनेनुसार असा शेरा लेखी पाठवता येत नाही. तो पालकांना समोर बसवून वाचून दाखवला जाईल. उद्या सकाळी अकरा वाजता यावे. आढळलेला शब्द: डिफरंट.'

तिनं चमचा डब्यात ठेवला आणि संदेश पुन्हा वाचला.

सौम्यपत्र योजना ही केतकीच्याच केंद्राची करणी होती. त्यांनी बनवलेलं 'शब्दतुला' नावाचं यंत्र जूनपासून शहरातल्या चौऱ्याऐंशी शाळांमध्ये बसलं होतं. शाळेतून पालकांना जाणारी प्रत्येक ओळ आधी शब्दतुला वाचे आणि त्यातल्या शब्दांचा भार काढे. ऐकणाऱ्याच्या मनाला शब्द किती लागतो, तो हा भार. माप गुंजांमध्ये, सोनारांच्या जुन्या मापासारखं. सुखावणारा शब्द अधिक, बोचणारा उणे, मधले शून्याच्या आसपास. मजकुराची बेरीज उणे पाचाच्या खाली गेली की पत्र अडवायचं आणि पालकांना बोलवायचं. कुणाच्याही आईला आपल्या लेकराबद्दलचं कडू काही फोनच्या पडद्यावर, एकटीनं वाचावं लागू नये, हा त्यामागचा विचार. तो विचारही केतकीचाच होता. भाषणात ती तो फार छान मांडत असे.

आता शाळेचा संदेश पडद्यावर, एकटीनं वाचताना तिला आठवत होती मागच्या पालकसभेतली एक सूचना. पहिलीच्या याद्या ह्या शनिवारी लागणार होत्या आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "सगळ्यांचीच नावं असतील असं नाही. काही मुलांना आणखी एक वर्ष मोठ्या गटात थांबावं लागेल. त्यांच्या भल्यासाठीच."

म्हणजे अबोली थांबणार. अबोली, जिचं तोंड मिटलेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं आणि जिनं कालच दूधवाल्याला थांबवून विचारलं होतं की म्हशीला आपण काळ्या आहोत हे माहीत असतं का.

केतकीनं झाकण लावलं. ह्या वेळी हळूच.

डॉ. इब्राहिम मुजावर हे केंद्राचे सर्वांत वयस्क शास्त्रज्ञ. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ते ऐकलं नव्हतं. कोऱ्या चहाचा कप आणि शब्दांची कपाटं यांच्यामध्ये ते बसले होते.

"सर, डिफरंट हा शब्द वाईट आहे का?"

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? इंग्रजी शब्द आहे. शब्दकोशात नुसतं 'वेगळा' असं आहे. म्हणजे शून्य. ना चांगला, ना वाईट."

"केतकी, शब्दकोशात सगळे शब्द आंघोळ करून, भांग पाडून बसलेले असतात," सर म्हणाले. "इंग्लंडात तो शब्द कसा आहे ते मला ठाऊक नाही. कोल्हापुरात कसा आहे ते विचार. 'फॉरवर्ड' घे. मेसेज फॉरवर्ड असला की कंटाळा. विचार फॉरवर्ड असले की सत्कार. शेजारच्यांची मुलगी फॉरवर्ड असली की आपल्या मुलाच्या खोलीची खिडकी बंद."

खाडे केतकीच्या मागोमाग आले होते. ते दारातूनच म्हणाले, "आणि हेल्दी, सर. आमच्या मेव्हणीला बघायला पाव्हणं आलं. सासूबाई म्हणाल्या, पोरगी हेल्दी हाय. पाव्हणं चहा बी न घेता गेलं."

"जाड म्हणाल्या नाहीत ना पण?" केतकीनं विचारलं.

"छे! जाड म्हणायचं न्हवतं म्हणूनच तर हेल्दी म्हणाल्या!"

"हे बघ," सरांनी केतकीकडे बोट केलं. "हातमोजा. नुसत्या हातानं धरवत नाही ती गोष्ट आपण इंग्रजीत धरतो. 'मेले' म्हणताना जीभ अडते, 'एक्स्पायर झाले' आपण सहज म्हणतो. का? कारण 'मेले' हा शब्द तू लहानपणी ऐकलास तेव्हा घरात कुणीतरी रडत होतं. आणि 'एक्स्पायर' तू वाचलास तो गोळ्यांच्या पाकिटावर. हाच आपला प्रथमश्रवण नियम. शब्दाला भार अर्थातून येत नाही. पहिल्या सात वेळा तो ज्या आवाजात कानावर पडतो त्या आवाजातून येतो. बोलणाऱ्याच्या गळ्यात जो भार असतो, तोच ऐकणाऱ्याच्या मनात उतरतो. त्यात आवाज घरच्या माणसाचा असला तर विचारूच नकोस. आईचा एक शब्द म्हणजे बाहेरच्यांचे शंभर. सात वेळा झालं की साचा वाळतो."

"मग बदलत नाही?"

"बदलतो की. पण त्याला सगळं आयुष्य जातं."

हा नियम केतकीला पाठ होता. त्यावरच्या शोधनिबंधात तिचं नाव सरांच्या नावाखालीच होतं. पण आज तिला तो कुणाच्या तरी तोंडून ऐकायचा होता.

"म्हणजे सर, इंग्रजी शब्द आपण फळ्यावरून शिकलो, तेव्हा त्यांचा भार फार तर एक-दोन गुंजा. बरोबर? मग डिफरंटनं अख्खं पत्र कसं अडेल?"

"मोजून बघू की."

खाडेंनी शब्दतुलेत शब्द घातला. तबकडीवरचा काटा जरा थरथरला आणि सरळ डावीकडे जाऊन पडला. तांबडा दिवा लागला. उणे नऊ.

मुजावर सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"'कॅन्सर' उणे अकरा आहे," ते हळूच म्हणाले. "हा उणे नऊ? अगं, हा शब्द शाळेत शिकलेला नाही. हा स्वयंपाकघरात शिकलेला आहे. रोजच्या रोज, थोडा थोडा."

"एकाच्या स्वयंपाकघरात समजू शकतो, सर," खाडे म्हणाले. "पण यंत्र ज्याच्या कानानं मोजतं, तो आपला प्रमाण श्रोता तीनशे बारा माणसांची सरासरी हाय. सगळ्यांच्याच घरात?"

केतकीला ह्याचं उत्तर नकोच होतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट गेली होती: सगळं शहर ज्या शब्दाला इतकं वाईट समजतं, तो शब्द तिच्या मुलीला लागला आहे.

संध्याकाळी घरी तिनं विषय काढला नाही. सासूबाईंनी, विमलताईंनी, विचारलं तेव्हा "भेटायला बोलावलंय" इतकंच म्हणाली. नवरा धैर्यशील कोयनेच्या वीजघरात आठवड्याच्या पाळीवर होता, फोनवर तो म्हणाला, "वेगळी आहे म्हटलंय ना? मग आहेच की ती." तिला फोन कापून टाकण्याइतका राग का आला ते त्याला कळलं नाही.

अबोली मात्र तिच्या गळ्यात पडून विचारत होती, "आई, जिभेला चव कळते, मग जिभेची चव कशी असते?"

केतकीचा एक नियम होता. दिवसभर ती लेकीजवळ नसे; म्हणून असेल तेव्हा तरी अबोलीच्या कुठल्याही प्रश्नाला 'नंतर सांगते' म्हणायचं नाही. साडेपाच वर्षांत तिनं तो मोडला नव्हता. ती म्हणाली, "जिभेला सारखी तीच चव येत असते ना, म्हणून ती तिकडे लक्षच देत नाही. तुला तुझं नाक सारखं दिसतं का?"

अबोलीनं डोळे तिरळे करून नाक शोधलं. "दिसलं!" ती ओरडली, आणि पुढचा अर्धा तास घरात सगळ्यांची नाकं मोजली गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात केतकीला आपण एकटीच असू असं वाटलं होतं. तिथे निदान चाळीस पालक होते.

बाकावर जागा नव्हती. एका खांबाशी दाराएवढ्या छातीचे एक गृहस्थ उभे होते. कानांच्या पाळ्या चपट्या झालेल्या, म्हणजे तालमीतले. ते समोरच्या शिपायाला विचारत होते, आणि ते खालच्या आवाजात विचारत होते म्हणून जास्त भीती वाटत होती.

"मला एवढंच सांगा. माझ्या पोराला अंब्रेला कोण म्हणालं?"

"मला काय माहीत, पैलवान. शब्द मशीननं पकडलाय."

"न्हाई, काय वाईट असल्याबिगर मशीन पकडंल का? मी काल दहा जणांना इचारलं. सगळी म्हणत्यात अंब्रेला म्हणजे छत्री. मला येडं समजतात. इंग्रजीत आत काहीतरी दुसरं असणार."

"माझ्या मुलीलाही अंब्रेलाच," चष्म्याच्या एक बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी तर रात्रीपासून जेवण सोडलंय."

"आम्हाला सजेशन," पलीकडून एकजण म्हणाला.

"आम्हालाही सजेशन. आणि वर डिफरंट. एकाच पत्रात दोन!" असं म्हणणाऱ्या गृहस्थांकडे सगळ्यांनी सहानुभूतीनं पाहिलं.

केतकी खांबाला टेकली. अंब्रेला? तिनं पर्समधून चाचणीचं हातात मावणारं यंत्र काढलं. शाळेतल्या यंत्राशी ते आपोआप जोडलं गेलं. तिनं शब्द घातला. उणे आठ. सजेशन, उणे सात. छत्रीवर शहरानं इतका राग का धरावा?

"तुम्ही शाळेच्या का?" चष्म्याच्या बाईंनी यंत्र पाहून विचारलं.

"मी... पालक."

"मग एक सांगते, ताई. पुढच्या वेळेला तुमच्या टीचरांना म्हणावं, शेऱ्याच्या शेवटी स्टेपलर लिहा. बाकीच्या सगळ्या टीचर तेच करतात. काहीही लिहा, पण शेवटी स्टेपलर लिहिलं की पत्र जातं." त्यांनी फोनवर मागच्या महिन्याचं एक पत्र दाखवलं. 'चि. राजवर्धन वर्गात चावतो. घरी समज द्यावी. स्टेपलर.'

केतकीनं 'स्टेपलर' घातला. हिरवा दिवा. अधिक बारा. एवढा भार तिनं आजवर फक्त 'सुट्टी'ला पाहिला होता.

स्टेपलर. अंब्रेला. सजेशन. डिफरंट. सगळ्या शहराला स्टेपलर का आवडेल? सगळ्या शहराला आवडणार नाही. एखाद्याच माणसाला आवडू शकेल.

तिनं फोन लावला. "खाडे, शाळांना प्रमाण श्रोत्याची कुठली फाइल गेली आहे?"

"फायनल, मॅडम."

"कुठली फायनल?"

"तुम्हीच चिठ्ठी दिली होती की. 'फायनल पाठवा.' तर फायनल नावाची फाइल पाठवली."

"खाडे, तीनशे बारा माणसांची फाइल 'फायनल नक्की' नावाची आहे."

"मग फायनल कुणाची हाय?" खाडेंनी विचारलं.

केतकीला ती दुपार लख्ख दिसली. अबोली आठ महिन्यांची होती. केतकी रजेवर होती आणि यंत्र चालतं का हे बघायला पहिला श्रोता म्हणून ती स्वतःच बसली होती. स्वयंपाकघरात, कारण पाळणा तिथून दिसायचा. बोटात संवेदी अंगठी, समोर ध्वनिक्षेपक, आणि तीन हजार इंग्रजी शब्दांची यादी, एकेक शब्द सहा सेकंदांनी. शब्द कानावर पडला की पाव सेकंदात शरीर मत देऊन मोकळं होतं, डोकं मागाहून कारणं शोधतं. ते मत अंगठी टिपायची. यादी संपल्यावर तिनं हुश्श करून फाइलला नाव दिलं होतं, फायनल. तेव्हा तिला खरंच वाटलं होतं की काहीतरी संपलं.

"खाडे, त्या फाइलबरोबर मूळ आवाजाची नोंद आहे. अंब्रेला शोधा आणि मला ऐकवा."

खाडेंनी शोधलं. फोनमधून यंत्राचा सपाट आवाज आला, "अंब्रेला," आणि त्याच्या पाठोपाठ कुकरची अशी सणसणीत शिट्टी झाली की पैलवानांनीही वळून पाहिलं. शिट्टीनंतर पाळण्यातून रडणं.

"पोरगी उठली की ओ," खाडे म्हणाले.

"स्टेपलर."

"स्टेपलर," यंत्र म्हणालं. आणि मग, अगदी हलकं, झोपेतल्या बाळाचं हसणं. पहिल्यांदा हसलेल्या बाळासारखं, घशातच फुटलेलं. पाठोपाठ केतकीचा स्वतःचाच आवाज, कुजबुजता: "अगं माझी बाय ती."

अधिक बारा. जूनपासून शहरातल्या चौऱ्याऐंशी शाळांत मुलं चावली, भांडली, डबे सांडले, आणि त्या सगळ्यांना ते एक हसणं सांभाळून घेत होतं.

सजेशन आणि डिफरंट ऐकायची गरजच नव्हती. त्या दोन शब्दांच्या मागे आवाज नव्हता. फक्त तिची अंगठी गरम झाली होती. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ते शब्द तिनं ओट्याशी उभं राहून ऐकले होते. "एक सजेशन देऊ?" आणि "डिफरंट झालाय हं." पोहे डिफरंट. आमटी डिफरंट. बाळाला गुंडाळायची पद्धत डिफरंट. सात वेळा कधीच होऊन गेलं होतं.

म्हणजे शहरात त्या शब्दाला वाईट समजणारी व्यक्ती एकच होती. ती आत्ता व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती, आपल्याच यंत्रानं पाठवलेलं बोलावणं हातात घेऊन.

"अबोली मगदूमचे पालक!" शिपायानं हाक मारली.

आत मुख्याध्यापिका घाटगे मॅडम होत्या आणि शिनोळकर टीचर. ह्या बेळगावच्या, जूनमध्येच लागलेल्या. म्हणूनच त्यांना स्टेपलरचं कुणी सांगितलं नसावं. त्या बिचाऱ्या केतकीपेक्षा जास्त घाबरल्या होत्या.

"मगदूम मॅडम, मला खरंच कळेना झालंय," टीचर म्हणाल्या. "मी वाईट असं काही लिवलेलंच नाही."

"वाचा ना," केतकी म्हणाली. तिला बरंच काही बोलायचं होतं, पण आधी ऐकायचं होतं.

टीचरांनी कागद उचलला. "'अबोली डिफरंट आहे. वर्गाला संध्याकाळचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांनी डोंगर आणि मधे सूर्य काढला. अबोलीनं पुढे नुसते डोंगर काढून कागद दिला. सूर्य कुठे, विचारलं तर म्हणाली, टीचर, संध्याकाळ झाली ना, तो मागे गेला. कागद उलटा केला तर मागच्या बाजूला सूर्य होता. तिला पहिलीत माझ्याच वर्गात द्यावं, ही विनंती.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "ह्यात काय चुकलं, सांगा बघू."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, त्यामुळे तिला नीट काहीच करता येईना. "टीचर, एक विचारू? डिफरंट हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कुणाकडून ऐकलात?"

टीचर जरा गोंधळल्या. "आमच्या बाबांकडून. ते पेट्या दुरुस्त करायचे, हार्मोनियम. शंभरातली एखादी पेटी बरोबर जमायची. मग भाता सोडून मान हलवायचे आणि म्हणायचे, हीऽऽ डिफरंट आहे. त्या दिवशी घरात कुणाला ओरडणं नाही."

केतकीनं पर्समधून संवेदी अंगठी काढून त्यांच्या बोटात घातली आणि हातातल्या यंत्रानं शब्द उच्चारला. हिरवा दिवा. अधिक तेरा.

मग तिनं सगळं सांगितलं. फाइल, कुकर, पाळणा, उपमा. घाटगे मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे," त्या शेवटी म्हणाल्या, "जूनपासून ह्या शहराचे पालक तुमच्या सासूबाईंवर रागावून माझ्या शाळेत येतायत."

"हो."

"आणि स्टेपलर?"

"ते मी योग्य फाइल बसवली की बंद होईल," केतकी म्हणाली, आणि म्हणताना तिला उगीचच वाईट वाटलं.

बाहेर येऊन तिनं चाळीस पालकांसमोर माफी मागितली. पैलवानांना वेगळी मागितली. "अंब्रेला म्हणजे छत्रीच आहे, दादा. दोष माझ्या कुकरचा."

पैलवान खांब सोडून पुढे आले. "म्हणजे माझं पोरगं चांगलं हाय."

"आत्ताच यंत्रावर पाहिलं. तुमच्या मुलाच्या शेऱ्यात लिहिलंय, तो अंब्रेलाचं चित्र छान काढतो."

"मग आधी सांगायचं की ओ!" ते म्हणाले, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा श्वास सोडला.

दुपारी तीन वाजता 'फायनल नक्की' सगळ्या शाळांत बसली. डिफरंटचा शहरातला खरा भार निघाला शून्य पूर्णांक दोन. मुजावर सर फोनवर म्हणाले, "पाहिलंस? शहर बिचारं निरपराध आहे." पाच वाजता केतकी घरी होती. विमलताई शेंगा सोलत बसल्या होत्या आणि अबोली आतल्या खोलीत पालथी पडून चित्र काढत होती, कागदाच्या दोन्ही बाजूंना.

केतकीला राहवलं नाही. ती जवळ बसली आणि तिनं हळूच, हसत हसत सगळी हकीकत सांगितली. उणे नऊपर्यंत आली तेव्हा विमलताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अगं बाई. मी मेली इतकं बोलले का तुला?"

"बोलला नाहीत, आई. तेच तर. तुम्ही फक्त डिफरंट म्हणालात."

"मग काय म्हणायचं? पहिल्या वर्षी तू उपम्यात दालचिनी घातली होतीस. तोंडावर वाईट झालाय म्हणायचं नव्या सुनेला? जीभच रेटेना. म्हणून इंग्रजीत म्हटलं. म्हटलं, लागणार नाही."

केतकीनं अंगठी त्यांच्या बोटात घातली. शब्द झाला. काटा जागचा हलला नाही. शून्य. विमलताईंनी तो शब्द रेडिओवरच्या सूचनांमध्ये कधीतरी ऐकला होता. त्यांच्या लेखी तो खरंच नुसता हातमोजा होता. आतला हात सुनेला लागत होता, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

"बघ. माझ्या मनात काही नव्हतं," त्या जिंकल्यासारख्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "कालचा मात्र खरंच वाईट झाला होता गं."

केतकीला इतकं हसू आलं की ती भिंतीला टेकून बसली. सात वर्षांत त्या घरात कुणी इतकं स्वच्छ मराठी बोललं नव्हतं.

"मला पण अंगठी! मला पण!" अबोली आतून धावत आली होती. तिच्या बोटात अंगठी सैल होत होती. तिनं मूठ घट्ट आवळून धरली. केतकीनं गंमत म्हणून यंत्र पुढे केलं. 'चॉकलेट', अधिक दहा. 'होमवर्क', उणे एक. ती खिदळत होती. मग पुढचा शब्द यंत्रानंच उचलला, यादीत तोच वर होता म्हणून.

"डिफरंट."

काटा हलला नाही. पण हे आजीचं शून्य नव्हतं. पडद्यावर वेगळीच अक्षरं आली: 'नोंद नाही. श्रवणसंख्या दोन.'

सातापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या शब्दाला यंत्र भार लावत नसे, नुसता आकडा दाखवी. साचा अजून ओला होता.

केतकीचं हसू थांबलं. सातातले दोन गेले होते, पाच उरले होते. पुढचा आवाज जो असेल, तो ह्या मुलीच्या मनात उतरणार होता आणि तिथे वाळणार होता. तो आईचा असेल तर शंभर आवाजांइतका. आणि जगात त्या शब्दाला उणे नऊ गुंजा भार देणारा एकच गळा होता, तो तिचा. कितीही गोड बोलली तरी गळ्यातला तो कंप यंत्रालाही कळला असता. मुलीला तर यंत्राच्या आधी कळला असता.

अबोलीनं मूठ उघडून अंगठीकडे पाहिलं, मग आजीकडे, मग आईकडे. ती तोंड किंचित उघडं ठेवून विचार करत होती.

"आई, टीचर आज वर्गात म्हणाल्या, अबोली डिफरंट आहे. आणि आजी काल म्हणाली, उपमा डिफरंट आहे."

"हं," केतकी म्हणाली. तेवढंच तिला सुरक्षित वाटलं.

"मग मी टीचरची डिफरंट आहे, का आजीची?"